ऑर्किडच्या वाटण्या: मृगाच्या आधी कुंडी कशी बदलावी, रोप कसं विभागावं

फेब्रुवारी सरत आला की सकाळचा चहा मी खिडकीच्या ग्रिलमध्ये वाकूनच पिते. फुलं बघत नाही, मुळं बघते. डेंड्रोबियम ऑर्किडच्या नव्या कोंबाच्या बुडाशी हिरवट, चकचकीत टोक डोकावलं की समजायचं, कुंडी बदलायचे दिवस आले.

ऑर्किडची कुंडी बदलण्याबद्दल जे सल्ले वाचायला मिळतात, त्यातले बरेचसे थंड देशांतले असतात. पाइनची साल, मॉस म्हणजे वाळवलेलं शेवाळ, घरातली उबदार खिडकी. आपल्याकडे मुंबईत जूनपासून चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवेत इतका दमटपणा असतो की डब्यातलं मीठ पाझरतं. त्यामुळे मुंबईत हे काम करताना माझा हिशेब एकच असतो: मृग लागायच्या आत मुळांनी कुंडी धरली पाहिजे. कुंडी किती मोठी, आत काय भरायचं, रोपाचे किती भाग करायचे, ही सगळी उत्तरं त्या एका हिशेबातून निघतात. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला दाखल होतो. तिथून अडीच-तीन महिने मागे मोजा.

हे शहाणपण मला नुकसानीतून आलं. आठ केनचं, म्हणजे आठ उभ्या खोडांचं, जांभळं डेंड्रोबियम होतं, मुंबईत सगळीकडे दिसतं तसलंच. जुलैतल्या एका रविवारी वेळ मिळाला म्हणून मी त्याच्या चार वाटण्या केल्या, प्रत्येकी दोन केनच्या. गणपती येईपर्यंत तीन कुजल्या. चौथी जगली, पण पुढची तीन वर्षं तिने फुलाचं नाव काढलं नाही. आठ केनचं ते झाड तसंच ठेवलं असतं तर त्याच वर्षी फुलांचे चार-पाच दांडे आले असते.

आधी रोपाची चाल ओळखा

ऑर्किड दोन प्रकारे वाढतात. काही आडवी सरकतात: डेंड्रोबियम, कॅटलिया, ऑन्सिडियम, सिम्बिडियम. यांच्या बुडाशी एक आडवा खोडाचा भाग असतो, त्याला रायझोम म्हणतात. त्यावर एकापुढे एक बल्ब, म्हणजे फुगीर खोडं, उभे राहतात, डेंड्रोबियममध्ये त्यांना केन म्हणायची पद्धत आहे. वाटण्या होतात त्या फक्त या गटाच्या.

दुसरा गट एकाच शेंड्याने वर वर जातो: व्हँडा, मोकारा, फॅलेनॉप्सिस, आणि आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणी. फॅलेनॉप्सिस मधोमध कापून दोन रोपं करू म्हणाल तर एकही हाती राहणार नाही. सीतेची वेणी आली म्हणून सांगून टाकते, जंगलातल्या झाडावरून ऑर्किड उतरवून आणायचं नाही. संजय गांधी उद्यानातून नाही, आंबोलीतून नाही, ट्रेकला पडलेल्या फांदीवर दिसलं तरी नाही. कायद्याचा भाग आहेच, शिवाय ती रोपं आपल्या ग्रिलमध्ये क्वचितच टिकतात.

कुंडी कधी बदलायची

दर वर्षी मुळीच नाही. नवे केन कुंडीच्या काठाबाहेर लटकायला लागले, किंवा आतला काथ्या बोटाने दाबल्यावर चिखलासारखा होतोय, आंबूस वास येतोय, किंवा मातीच्या कुंडीवर पांढरे क्षार साचून मुळांची टोकं काळी पडतायत, यातलं काही दिसलं तरच हात घालायचा. माझ्याकडे हे साधारण दोन ते अडीच वर्षांनी येतं.

कारण आणि मुहूर्त मात्र वेगळे. मुहूर्त नव्या मुळांचा. नवा कोंब बोटभर झाला आणि त्याच्या बुडाशी मुळांची टोकं जेमतेम दिसायला लागली की तोच आठवडा योग्य. जुनी मुळं हाताळताना दुखावतात, तुटतात. नवी मात्र थेट नव्या कुंडीत शिरतात. हीच मुळं बोटभर लांब झाल्यावर कुंडी बदलायला गेलात तर ती काडेपेटीतल्या काडीसारखी कटकन मोडतात. मुंबईत बहुतेक डेंड्रोबियम आणि कॅटलियांना हा क्षण फेब्रुवारीअखेर ते एप्रिलमध्ये येतो. गुढीपाडव्याच्या आसपासचा शनिवार-रविवार मी यासाठी मोकळा ठेवते. रोप फुलावर असेल तर फुलं उतरेपर्यंत थांबा.

अपवाद एकच. मुळं कुजताना दिसली तर मुहूर्त बघू नका, भर जुलैत काढा. पण तेव्हा फक्त साफसफाई आणि नवी कुंडी. वाटण्या नाहीत.

सामान

लाकडी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाचं सोडण. मुंबईत याहून जास्त काही लागत नाही.

कोळसा म्हणजे इस्त्रीवाला वापरतो तो लोणारी कोळसा. बार्बेक्यूच्या पाकिटातल्या एकसारख्या गोल वड्या नकोत, त्यात चिकटवायला इतर पदार्थ घातलेले असतात. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, धुळीचं काळं पाणी जाईपर्यंत धुवा आणि रात्रभर भिजत ठेवा. नाहीतर पहिल्याच पाण्याला तो कुंडीतून तरंगत वर येतो. हे काम बाथरूममध्ये करणार असाल तर घरच्यांना आधी कल्पना द्या.

विटांना मुंबईत तोटा नाही, दर दोन गल्ल्यांत एक इमारत पाडतायत. पण सिमेंट किंवा चुना चिकटलेली वीट घेऊ नका, त्यातला अल्कलीपणा मुळांना सोसत नाही. भट्टीतून आलेली कोरी लाल वीट चांगली.

सोडणाचे तुकडे तीन दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला. पहिल्या दिवशी कोऱ्या चहासारखं पाणी निघेल. रंग फिका होईपर्यंत थांबायचं, कारण सोडणातले क्षार आणि तुरटपणा कोवळ्या मुळांना भाजतात.

प्रमाण घराघरांत बदलेल. ग्रिल उघडी असेल आणि पाऊस थेट आत येत असेल तर दोन भाग कोळसा, एक भाग वीट आणि सोडण मूठभरच. वर छत असेल, उन्हाळ्यात दिवसभर घर बंद असेल, तर सोडण एक भाग. ऑन्सिडियमची मुळं दोऱ्यासारखी बारीक असतात, त्यांना सेंटिमीटरभराचे तुकडे लागतात. माती, शेणखत, गांडूळखत काहीही मिसळू नका. यातली बहुतेक रोपं निसर्गात झाडाच्या सालीवर राहतात. त्यांच्या मुळांवर पांढरं, स्पंजासारखं आवरण असतं, ते पाणी शोषून घेतं आणि नंतर त्याला वारा लागतो. मातीत वारा नाही.

कुंडी मातीची, बाजूंनाही भोकं असलेली. धारावीच्या कुंभारवाड्यात सांगून करून मिळते, पण हिवाळ्यातच सांगा. भोकं भाजण्याआधी पाडावी लागतात, आणि पावसात कच्ची भांडी वाळत नाहीत. माप चार इंची किंवा सहा इंची. मोठी कुंडी घेतली म्हणजे रोप लवकर वाढेल हा समज गुलाबाच्या कुंड्यांवरून आलेला आहे. ऑर्किडच्या मोठ्या कुंडीत मधला गोळा आठवडाभर ओला राहतो आणि मुळं तिथेच सडतात.

कापायला दाढीचं ब्लेड, प्रत्येक झाडाला नवं. कटर किंवा कात्री वापरणार असाल तर गॅसच्या ज्योतीवर पातं लाल होईपर्यंत तापवून गार करा. मी याबाबतीत सोवळं पाळते ते उगाच नाही. सिम्बिडियम मोझेक आणि ओडोंटोग्लॉसम रिंगस्पॉट हे ऑर्किडचे दोन विषाणू पात्यावरच्या रसातून एका झाडातून दुसऱ्यात जातात. त्यांच्यावर औषध नाही. एका ब्लेडने दहा झाडं कापणारा माणूस दहाही झाडं आजारी करू शकतो.

याशिवाय दालचिनीची बारीक पूड, बांबूच्या काड्या, जुन्या मोज्याच्या पट्ट्या, आणि आईस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापलेल्या नावपट्ट्या. नाव पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई एका मे महिन्यात उडते, पेन्सिल वर्षानुवर्षं राहते.

रोप बाहेर काढणं

अर्धा तास आधी कुंडी पाण्यात बुडवून ठेवा. कोरडी मुळं मोडतात, भिजलेली वाकतात. मग कुंडीच्या आतल्या भिंतीला चिकटलेली मुळं जुन्या बटर नाइफने हळूहळू सोडवा. निघतच नसतील तर कुंडी फोडा. खापरीचा तुकडा मुळाला चिकटलेला राहिला तर राहू दे, तो तसाच नव्या कुंडीत घालायचा. शंभर रुपयांच्या कुंडीसाठी जिवंत मुळं ओरबाडू नयेत.

आता नळाखाली धरून जुना काथ्या काढा आणि एकेक मूळ चिमटीत दाबून बघा. टणक असेल तर जिवंत. पोकळ असेल, वरची साल मोज्यासारखी निघून आत नुसती तार उरत असेल, तर मेलेलं, ते कापा. रंगावर जाऊ नका. कोळशात वाढलेली मुळं तपकिरी दिसूनही ठणठणीत असतात. मी पहिल्या वर्षी अशी अर्धी मुळं रंग बघून छाटली होती.

नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या मुळांच्या मध्यभागी पुष्कळदा काथ्याचा किंवा मॉसचा एक गच्च बोळा असतो, लहानपणी लावलेल्या कुंडीतला. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि आत तो बोळा पिळला तर पाणी निघतं. चिमट्याने तो पूर्ण काढा. पावसाळ्यातल्या कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

वाटण्या

रोप वर्तमानपत्रावर आडवं ठेवा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. रायझोम कुठून कुठे गेलाय, नवा कोंब कुठे आहे, कुठे फाटा फुटलाय. कधी कधी जुना रायझोम मध्ये आपणच कुजून रोपाचे दोन भाग झालेले असतात. तिथे ब्लेडही लागत नाही, हाताने सोडवलं की झालं.

नियम असा: प्रत्येक भागात निदान तीन, शक्य तर चार बल्ब, त्यांना स्वतःची जिवंत मुळं, आणि पुढच्या टोकाला एक नवा कोंब किंवा जिवंत डोळा. डोळा म्हणजे बल्बच्या बुडाशी असलेला छोटा उंचवटा. हिरवट, फुगीर असेल तर जिवंत. काळा, सुकलेला असेल तर त्यावर भरवसा ठेवू नका. बल्ब म्हणजे रोपाची पाण्याची टाकी आणि कोठार. दोन बल्बांच्या भागाकडे इतकी शिल्लक नसते की मुळंही काढील आणि पावसाशीही झगडेल. सहा केनच्या झाडाचे दोन भाग होतात. पाच केनचं असेल तर परत कुंडीत ठेवा आणि दोन वर्षांनी बघा. वाटण्या झाल्या की घर लहान होतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको.

कॅटलियासाठी मी एक युक्ती करते. दिवाळीनंतर, झाड कुंडीतच असताना, पुढून चौथ्या बल्बच्या मागे रायझोमला अर्ध्यापर्यंत चीर द्यायची, दालचिनी लावायची आणि विसरून जायचं. पुढून येणारा दाब अडल्यामुळे मागच्या बल्बांचे झोपलेले डोळे पुष्कळदा जागे होतात. मार्चमध्ये मागे नवा कोंब दिसला की उरलेला अर्धा रायझोम कापायचा. दोन्ही भागांना आधीपासून चाल आलेली असते, कुणीही उपाशी राहत नाही. कोंब आला नाही तर झाड अखंडच ठेवायचं, आणि नुकसान फक्त एका चिरेचं.

कापताना ब्लेड सरळ, एका झटक्यात. करवतीसारखं पुढे-मागे नाही. कापलेल्या तोंडावर दालचिनीची पूड दाबून लावा. ती मुळांवर सांडू देऊ नका, दालचिनी जखम सुकवते तशी मुळंही सुकवते. हळद लावणारे बरेच आहेत आणि त्यांची रोपंही जगतात. कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबचं मिश्र बुरशीनाशक वापरायचं असेल तर पाकिटावरच्या प्रमाणात, हातमोजे आणि मास्क घालून, आणि स्वयंपाकाच्या ओट्यापासून दूर. मग रोपं एक दिवस सावलीत, वाऱ्यावर, तशीच उघडी ठेवा. बटाट्याच्या फोडीवर जशी सुकी साय धरते तशी कापावर धरली पाहिजे.

मागे उरलेले पानं झडलेले बल्ब हिरवे आणि टणक असतील तर फेकू नका. पारदर्शक पिशवीत जरासं ओलसर मॉस घालून सावलीत टांगा. दोन-तीन महिन्यांत एखादा कोंब काढतो. फुलायला दोन-तीन वर्षं लागतील, पण त्याला तुमचं काही लागतही नाही. डेंड्रोबियमचे जुने बोडके केनही कुंडीतून छाटू नका, त्यांच्या शेंड्याशी पुन्हा फुलं येतात.

लावणं

तळाशी विटांचे मोठे तुकडे. रोप मधोमध ठेवायचं नाही. सर्वांत जुना बल्ब कुंडीच्या भिंतीला टेकवा आणि नवा कोंब मोकळ्या बाजूकडे तोंड करून, पुढे दोन बल्बांची जागा सोडून. दोन वर्षं तो त्या दिशेने चालणार आहे. कोळशाचे तुकडे मुळांमधून हळूहळू घाला, कुंडी टेबलावर आपटत बसवा. रायझोम वरच राहिला पाहिजे, गाडायचा नाही. गाडलेला रायझोम जूनमध्ये कुजतो.

आणि रोप हलता कामा नये. वाऱ्याने डुलणाऱ्या रोपाच्या नव्या मुळांची टोकं कोळशावर घासून मरतात. केनजवळ बांबूची काडी खोचा, मोज्याच्या पट्टीने आठाच्या आकड्यासारखं बांधा. पट्टी ताणली जाते, सुतळीसारखी काचत नाही. नावपट्टी लावा, मागे तारीख. दोन भागांना दोन वेगळी नावं देऊ नका, ती एकच व्यक्ती आहे.

व्हँडाला कुंडी बदलण्यासारखं काही नसतंच. लाकडी चौकटीत लटकतो, फार उंच झाला की शेंड्याकडचा भाग तीन-चार जाड मुळांसकट कापून वेगळा टांगायचा. खालचा बुंधा राहू द्यायचा, तो बाजूने फुटतो. फॅलेनॉप्सिसला पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत साल आणि थोडा कोळसा. मॉस असेल तर मे संपायच्या आत काढा. डेंड्रोबियमच्या केनवर किंवा फॅलेनॉप्सिसच्या फुलांच्या दांड्यावर जी पिल्लं येतात, केकी म्हणतात त्यांना, ती तीन मुळं बोटभर लांब झाल्यावरच काढा. फुकटात मिळालेलं रोप लवकर काढायची घाई सगळ्यांनाच होते.

पुढचे सहा आठवडे

पहिले चार-पाच दिवस कुंडीत पाणी नाही. सकाळी पानांवर आणि उघड्या मुळांवर फवारा, तोही दुपारपर्यंत सुकेल इतकाच. जागा उजेडाची पण ऊन नाही, हिरव्या नेटच्या दोन घड्या चालतील. बल्ब थोडे सुरकुततील. इथेच माणूस चुकतो, दया येऊन पाणी वाढवतो. रोपाची जुनी मुळं दुखावलेली असतात, वाढवलेलं पाणी बुरशी पिते. त्यापेक्षा खाली ट्रेमध्ये भिजवलेल्या विटा ठेवा, आजूबाजूची हवा दमट राहील. ट्रे मात्र खोल घ्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची वाळत घातलेली साडी आणि माझा कोळसा यांची एकदा भेट झाली आहे.

पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाआड पाणी, मेच्या काहिलीत रोज सकाळी. तलावांचं पालिकेचं पाणी मऊ असतं, ऑर्किडला मानवतं. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर क्षार साचतात, मग आठवड्यातून एकदा साठवलेल्या नळाच्या पाण्याने कुंडी धुवून काढा. मुळं कोरडी असताना चंदेरी, भिजली की हिरवी दिसतात. चंदेरी झाली की पाणी द्यायचं, एवढं लक्षात ठेवलं तर दिवस मोजावे लागत नाहीत.

खत नव्या मुळांनी तीन-चार सेंटिमीटरची लांबी धरल्यावर. १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने भिजवून मग. कबुतरांसाठी जाळी नसेल तर या दिवसांत लावाच. त्यांना मोकळा कोळसा आणि बांबूच्या काड्या घरट्यासाठी फार आवडतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परीक्षा घ्या. केन बुडाशी धरून हलकेच वर उचला. कुंडी सोबत उचलली गेली तर मुळं धरली, ते रोप पावसात राहू दे. कुंडी खालीच राहून रोप डुगडुगलं तर त्याला छताखाली घ्या आणि सप्टेंबरपर्यंत तिथेच ठेवा. पावसात रात्री टॉर्च घेऊन एक फेरी मारा. शेंब्या गोगलगायी नव्या मुळांची कोवळी टोकं एका रात्रीत खाऊन टाकतात, दिवसा कुंडीखाली लपतात. हाताने वेचणं हाच उपाय मला सर्वांत खात्रीचा वाटतो.

साडीच्या प्रकरणानंतर काकूंना मी त्याच जातीच्या डेंड्रोबियमचा एक भाग दिला, चार केनचा, धरलेल्या मुळांसकट. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, खत किती घालू. त्यांच्या खिडकीवर पत्रा नाही, म्हणून कुंडीतलं सोडण काढून नुसता कोळसा आणि वीट भरून दिलंय, आणि खताची बाटली गणपती होईपर्यंत माझ्याकडेच ठेवली आहे.